रानचे जांभूळ आणि बांधाचे जांभूळ



जांभळाचा हंगाम तो केवढा! मृगाच्या आधीचे पंधरा दिवस आणि नंतरचे पंधरा दिवस, की आटोपला. या दिवसांत बदलापूर स्टेशनाबाहेर आसपासच्या ठाकूर-कातकरी वाड्यांवरच्या बाया पाट्या मांडून बसतात. एकाच पाटीत पुष्कळदा दोन वाटे असतात. एका वाट्यातली जांभळे बारकी. बी मोठी, गर नावाला, आणि तुरट तर अशी की जीभ जड व्हावी. दुसऱ्या वाट्यातली लांबट, टपोरी, काळीभोर. तोंडात घातली की गर सुटतो आणि बी एवढीशी उरते. भावातही चांगलाच फरक. "असं का हो बाई?" म्हणून गिऱ्हाइकाने विचारावे, तर उत्तर ठरलेले असते: "ते रानातलं, हे बांधावरलं."

झाड एकच, शास्त्राच्या पुस्तकातले नावही एकच. मग फळाफळांत एवढे अंतर पडले कसे? कोणी पाडले? या साध्या प्रश्नाचे उत्तर आज आपण शोधणार आहोत. राजांचा आणि लढायांचा इतिहास आपण शाळेत शिकतो. अंबरनाथचे शिवमंदिर शिलाहारांच्या काळात, शके ९८२ मध्ये, म्हणजे इ. स. १०६० च्या सुमारास उभे राहिले, हे आपण मुलांना सांगतो. कारण तसा शिलालेख तेथे सापडला. झाडाचा शिलालेख कोणी कोरत नाही. पण झाडालाही इतिहास असतो, आणि तो वाचायची जागा म्हणजे त्याचे फळ, त्याची बी आणि ते ज्या जागी उभे आहे ती जागा.

थोडा लेखी पुरावा आहे, तो आधी पाहू. जांभळावरून तर आपल्या देशाचे नाव पडले होते. सम्राट अशोकाच्या लघु शिलालेखांत, म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, या भूमीचा उल्लेख जंबुद्वीप असा आहे. आणि पूजेचा संकल्प सांगताना भटजीबुवा ते नाव आजही घेतात. सोळाव्या शतकात गार्सिया द ऑर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. औषधी वनस्पतींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात फणसाबरोबर जांभळाचीही चर्चा आहे. पुढे १७५३ साली स्वीडनच्या लिनियसने जांभळाला शास्त्रीय नाव दिले, आणि १९१२ साली स्कील्स याने त्यात फेरफार करून 'सिझिजियम क्युमिनी' हे आजचे नाव रूढ केले. भारत, लंका, ब्रह्मदेश आणि त्यापलीकडची आग्नेय आशिया हे या झाडाचे मूळ माहेर.

पण या सगळ्या कागदपत्रांत एक गोष्ट सापडत नाही. अमक्या गावच्या अमक्या माणसाने रानातले जांभूळ आणून सुधारले, असे कोठेही लिहिलेले नाही. म्हणून आता कागद बाजूला ठेवून रानात जाऊ.

बदलापूरच्या आसपास, बारवी धरणाच्या बाजूचे डोंगर असोत की माथेरानच्या पायथ्याची राने असोत, जांभूळ सर्वत्र आहे. ओलीची जागा त्याला आवडते. ओढ्याच्या काठी, नदीच्या दरडीवर, पावसाळ्यात पाणी तुंबते अशा खोलगट जागी दुसरे झाड कुजेल, पण जांभूळ तग धरते. फाल्गुन-चैत्रात त्याला बारीक, पांढरट, सुवासिक फुलांचे घोस येतात. पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि टोपी उडावी तशा एकदम गळून पडतात. मग नुसत्या केसरांचा झुपका राहतो आणि त्यावर मधमाश्यांची झुंबड उडते. एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडावर जातो, तो असा. फळ पिकले की बुलबुल, कोकीळ, वटवाघूळ, उदमांजर असे सगळे पाहुणे येतात, आणि बी कोठच्या कोठे नेऊन टाकतात. उरलेली बी ओढ्याचा पूर घेऊन जातो.

रानात उगवलेल्या दहा जांभळांखाली फिरून पाहा. दहाही झाडांची फळे निरनिराळी निघतील. कोठे वाटोळे, कोठे लांबट. कोठे गर जांभळा, कोठे फिकट गुलाबी. कोठे साखर, कोठे निव्वळ तुरटपणा. एक झाड मेअखेरीस पिकते, तर शेजारचे जूनच्या शेवटाला. फळाचे वजन चार-पाच ग्रॅमच्या आत असणारी झाडे रानात पुष्कळ. निवडक बांधावरच्या झाडांचे एकेक फळ पंधरा-वीस ग्रॅमपर्यंत जाते. म्हणजे चार जांभळांच्या जागी एक!

एक खुलासा येथे केला पाहिजे. ओढ्याच्या पात्रात, खडकांच्या फटीत अरुंद पानांचे एक लहानसे झाड असते, त्याला आपल्याकडे पाणजांभूळ म्हणतात. ते जांभळाचे भावबंद खरे, पण जात वेगळी. आपण बोलतो आहोत ते एकाच जातीच्या आतल्या फरकाबद्दल. गावातल्या माणसांची नाके-तोंडे जशी निरनिराळी, तसाच हा फरक.

रानात हा फरक असतो. मग रान मोठ्या फळाची निवड का करीत नाही? कारण मोठ्या फळाचे रानाला विशेष अगत्य नाही. बुलबुलाच्या चोचीत मावेल आणि गिळता येईल असे लहान फळ दूर जाते. वटवाघळाला मोठे फळ चालते, पण त्यासाठी ते अडून बसत नाही. गर भरपूर आणि बी लहान ही सोय आपली, माणसाची आहे. झाडाच्या दृष्टीने बी मोठी असलेली बरी. त्यात रोपट्यासाठी शिधा जास्त असतो. तेव्हा बांधावरचे टपोरे जांभूळ पाहिले की तेथे माणसाचा हात लागला आहे, असे समजायला हरकत नाही. तो कसा लागला, हाच आपला विषय.

पण थांबा. कोणी शेतकरी म्हणेल, "गुरुजी, हात कसला नि काय! नदीकाठची जमीन आहे, पाणी आहे, म्हणून फळ मोठं होतं. तेच झाड माळावर लावा, मग बघा." हा आक्षेप अगदी रास्त आहे. उल्हास नदीचेच पाहा. भिवपुरीचे टाटांचे वीजकेंद्र १९२२ साली सुरू झाले. तेव्हापासून यंत्रांवरून उतरलेले पाणी उल्हास नदीत येते आणि भर उन्हाळ्यात, नेमके जांभूळ भरायच्या दिवसांत, नदी वाहती राहते. बदलापूर, वालिवली, सोनिवली हा सगळा त्या नदीचा पट्टा. मग बदलापूरच्या जांभळाचा मोठेपणा पाण्याचा की वंशाचा?

हा प्रश्न फक्त आपल्यालाच पडला असे नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात क्लाउसेन, केक आणि हाइसी या तीन शास्त्रज्ञांनी याचा फार सुरेख प्रयोग केला आणि १९४० साली तो प्रसिद्ध केला. त्यांनी रानटी वनस्पतींची एकेक रोपटी घेतली, त्या प्रत्येकीचे तुकडे केले आणि ते तीन ठिकाणी लावले: एक समुद्रसपाटीजवळ, एक सुमारे १४०० मीटर उंचीवर आणि एक सुमारे ३००० मीटर उंचीवर. एकाच रोपट्याचे हे तीन तुकडे, म्हणजे वंश तंतोतंत एक. तरी डोंगरावरचा तुकडा खुजा झाला, खालचा उंच वाढला. हे झाले जागेचे देणे. पण निरनिराळ्या ठिकाणांहून आणलेली रोपटी एकाच वाफ्यात शेजारी शेजारी लावली, तेव्हाही त्यांच्यातला फरक पुरता मिटला नाही. डोंगरातले ते डोंगरातल्यासारखेच वागत राहिले. हे झाले वंशाचे देणे. दोन्ही खरे, आणि दोन्ही निरनिराळे मोजता येतात.

आपल्या जांभळाला हाच नियम लावा. रानातले झाड उंच, सरळसोट, शेंड्याला पाने; कारण गर्दीत उन्हासाठी त्याला वर जावे लागते. बांधावरचे झाड पसरट, खालपासून फांद्यांचे. कारण त्याला मोकळी जागा आहे. हा फरक जागेचा. बांधावरच्या झाडाची बी रानात पडली तर तिचे झाडही उंच सरळसोटच होईल. परंतु एकाच बांधावर, एकाच पाण्यावर दोन झाडे शेजारी उभी आहेत. एकाचे फळ टपोरे, दुसऱ्याचे बारके. आणि हे वर्षानुवर्षे तसेच चालले आहे. हा फरक पाण्याचा असू शकत नाही. पाण्याने फळ भरते, गोडी कमी-जास्त होते. पण बारक्याचे टपोरे होत नाही.

आता वंशाची गोष्ट निघाली, तेव्हा जांभळाच्या बीची एक गंमत सांगतो. आंब्याची कोय लावली तर आपल्याकडच्या बहुतेक जातींत तिच्यातून एकच रोप येते. जांभळाची एक बी लावा आणि रोज पाहत राहा. कधी एक कोंब येईल. पण बऱ्याचदा दोन, तीन, क्वचित चार-पाच कोंब एकाच बीतून वर येतात. मुलांना हे दाखवण्यासारखे आहे. शास्त्रज्ञ याला बहुभ्रूणता म्हणतात. यांतला एखादा कोंब परागापासून झालेला, म्हणजे आई-बापाचा मिळून असतो. पण बाकीचे बहुधा केवळ आईच्या पेशींपासून झालेले असतात. ते म्हणजे हुबेहूब आईच! बीतून आलेली, तरी कलमासारखी.

याचा परिणाम काय होतो ते ध्यानात घ्या. चांगल्या झाडाखाली पडलेल्या बियांतून उगवलेल्या रोपांत काही रोपे आईवर जातात. म्हणजे कलमाची विद्या ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हातूनही चांगला वंश पुढे चालू राहू शकतो. फक्त त्याने ते रोप उपटता कामा नये. त्याच वेळी काही रोपे परागाने नवी, वेगळी निपजतात, म्हणजे निवडीला नवा माल मिळत राहतो. जुने टिकते आणि नवे येत राहते. जांभळाची जात गावागावांतून आपोआप सुधारत गेली, याचे निम्मे रहस्य या बीत आहे.

उरलेले निम्मे रहस्य माणसाच्या कोयत्यात आहे.

ठाणे-कुलाब्याच्या भातशेतीला राब लागतो, हे आमच्या श्रोत्यांना सांगायला नको. पेरणीपूर्वी रोपाच्या वाफ्यावर शेण, पाला, डहाळ्या, गवत पसरून जाळायचे, म्हणजे तण मरते आणि रोप जोमाने येते. त्यासाठी शेताच्या वरच्या वरकस जमिनीतली आणि रानातली झाडे दरसाल छाटावी लागत. १८७८ चा जंगल कायदा आला, सरकारी रानांच्या हद्दी पडल्या आणि या छाटणीवर निर्बंध आले. त्यावरून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी इतकी गाऱ्हाणी केली की मुंबई सरकारला १८८५ साली चौकशीसाठी मंडळ नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ साली निघाला. तो वाद राबाचा आणि सरपणाचा होता. पण आपल्याला त्यातून एक गोष्ट समजते. या भागात प्रत्येक झाडावर दरवर्षी माणसाची नजर फिरत असे: हे छाटायचे, हे तोडायचे, हे ठेवायचे. ऐन, किंजळ अशी झाडे राबाला जात. कातकऱ्यांच्या भट्टीला कोळशासाठी लाकूड जाई. जांभळाचे लाकूडही उपयोगी; ते पाण्यात चांगले टिकते, म्हणून त्यावरही कुऱ्हाड येईच. पण ज्या झाडाखाली घरची पोरे दरसाल फळे वेचतात, त्या झाडापाशी हात थांबतो. तुरट, बारक्या फळांचे झाड सरपणाला जाते. गोड फळाचे झाड राहते.

हीच ती निवड! चार्ल्स डार्विनने १८५९ सालच्या आपल्या ग्रंथात तिला नकळत होणारी निवड म्हटले आहे. जात सुधारावी असा हेतू माणसाच्या मनात नसतो. तो फक्त बरे ते राखतो आणि वाईट ते टाकतो. पण पिढ्यान्‌पिढ्या असे होत गेले की जात सुधारलेली असते. बदलापूरच्या बांधावर जांभूळ कोणी घडवले नाही. ते राखले गेले. माणसाने येथे जे केले त्याहून, जे केले नाही त्याला महत्त्व आहे. कोयता जेथे जेथे थांबला, तेथे तेथे आजचे टपोरे जांभूळ उभे आहे.

आंब्याशी तुलना केली तर हे जास्त स्पष्ट होईल. गोव्यात पोर्तुगीजांच्या काळात आंब्याची कलमे बांधण्याची विद्या वाढली आणि हापूससारख्या जाती नावारूपाला आल्या; हापूस हे नावच पोर्तुगीज 'अफोंसो' वरून आलेले. आंब्याला धनी मिळाले, बागा मिळाल्या, दरबार मिळाले. जांभळाची बाग कोणी फारशी केली नाही. ते बांधावर, नदीकाठी, देवळामागे, रस्त्याच्या कडेला राहिले. नवी दिल्ली वसवताना इंग्रजांनी हमरस्त्यांच्या कडेने जांभळाच्या रांगा लावल्या, त्याही सावलीसाठी. म्हणून आंब्याच्या जातींना नावे आहेत आणि जांभळाच्या झाडांना ठिकाणे आहेत. फळे उतरवणारा माणूस 'नदीवरलं', 'विहिरीजवळलं', 'देवळामागलं' असे सांगतो. त्याला कोणत्या झाडाचे फळ केव्हा पिकते, कोणती फांदी कच्ची आहे, हे सगळे तोंडपाठ असते. ते पाठ असावेच लागते; जांभळाची फांदी ठिसूळ, आणि पाय चुकला तर जिवाशी गाठ. काही गावांत यासाठी झाडाभोवती बांबूची परांची बांधतात.

मग बाजार आला. मे १८५६ मध्ये कल्याणहून बदलापूरवरून खोपोलीच्या दिशेने आगगाडी धावू लागली. जांभूळ हे दोन दिवसही न टिकणारे फळ. गावात पिकले तर गावातच संपायचे. गाडीमुळे सकाळी उतरवलेले फळ त्याच दिवशी मुंबईत पोचण्याची सोय झाली. यामुळे निवड करणारा एक नवा गृहस्थ उभा राहिला: गिऱ्हाईक. त्याची आवडनिवड घरच्या पोरांहून वेगळी. त्याला मोठे फळ हवे, देखणे हवे, पाटीत न फुटणारे हवे. आणि लवकर हवे; कारण मृगाचा पाऊस एकदा झोडपायला लागला की फळ गळते, फुटते, पाणचट होते. मृगाच्या आधी पिकणाऱ्या झाडाचा मालक त्या झाडाला जपतो. मागाहून पिकणाऱ्याची तेवढी पर्वा राहत नाही.

अशीच दुसरी पेठ पालघरकडे तयार झाली. तेथे सूर्या नदीच्या काठी बहाडोली नावाचे गाव आहे. तेथले जांभूळ आकाराने नामांकित. पालघर हा स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्याआधी बदलापूर आणि बहाडोली एकाच ठाणे जिल्ह्यात होती. दोन्हीकडे नदीचा काठ, दोन्हीकडे भाताचे बांध, दोन्हीकडे मुंबईची पेठ जवळ. मात्र दोन ठिकाणी राखलेले वंश दोन. या योगायोगात आपल्या प्रश्नाचे उत्तर दिसते: पाण्याने साथ दिली, बीने वंश टिकवला, कोयत्याने निवड केली आणि पेठेने त्या निवडीची किंमत केली.

आता शास्त्रज्ञांकडे वळू. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. तेथील संशोधकांनी बहाडोलीच्या झाडांतून निवड करून 'कोकण बहाडोली' हे वाण प्रसारित केले. गुजरातेत गोध्र्याजवळ वेजलपूरच्या केंद्राने 'गोमा प्रियांका' काढले. लखनौच्या संस्थेने दोन वाण निवडले. त्यांतले एक तर बिनबियांचे आहे. या सर्वांची रीत एकच: गावोगाव फिरायचे, उत्तम झाडे हुडकायची, त्यांची फळे मोजायची आणि जे सर्वांत सरस ठरेल त्याच्या काडीची कलमे बांधायची. म्हणजे शास्त्रज्ञ आरंभ करतात तो गावकऱ्यांनी राखलेल्या झाडापासूनच.

कलमाचा फायदा उघड आहे. बियाचे झाड फळायला आठ-दहा वर्षे घेते; कलम त्याहून लवकर फळते, ठेंगणे राहते आणि फळ हमखास आईसारखे देते. पण एक तोटा आहे, तोही सांगितला पाहिजे. हजार कलमे म्हणजे हजार झाडे नव्हेत, वंशाच्या हिशेबाने ते एकच झाड. ती एकदम फुलणार, एकदम पिकणार. एखादी कीड त्यांतल्या एकाला लागू पडली तर हजारांना लागू पडणार. मृग चार दिवस आधी आला तर सगळ्यांचेच नुकसान. उलट बांधावरच्या पन्नास निरनिराळ्या झाडांत एखादे उशिरा पिकणारे असते, एखादे किडीला दाद न देणारे असते, एखादे पाणी कमी असताही भरणारे असते. आज त्याला भाव नाही. उद्या कदाचित त्याच्यावाचून अडेल. म्हणून कलमे लावावीत आणि बांधावरची झाडेही ठेवावीत. एकासाठी दुसरे तोडू नये.

आणि येथेच आजच्या काळजीची गोष्ट आहे. २०२३ साली बदलापूरच्या जांभळाला आणि बहाडोलीच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाले. दार्जिलिंगच्या चहाला २००४ साली मिळाले तसे. याचा अर्थ असा की दुसरीकडचे फळ 'बदलापूरचे जांभूळ' म्हणून विकायला कायद्याने बंदी आली. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण मानांकनाने नावाचे रक्षण होते, झाडाचे होत नाही. नाव कागदावर राहील. झाड बांधावर राहील की नाही, ते बांधावर ठरणार.

आणि बांध तर झपाट्याने नाहीसे होत आहेत. कुळगाव-बदलापूरची लोकवस्ती २००१ साली सुमारे ९८ हजार होती. २०११ साली ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली आणि त्यानंतर गाव आणखी वाढले आहे. माणसांना घरे हवीत, त्याबद्दल तक्रार करून चालायचे नाही. उल्हासनगर हे शहरच मुळी फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांच्या निवाऱ्यातून उभे राहिले. पण कात्रप, बेलवली, सोनिवली अशा गावांच्या शेतांत इमारती उभ्या राहतात, तेव्हा भाताच्या खाचराबरोबर बांधही जातो. आता झाडाकडे बघून निवड करणारा कोयतेवाला नाही, गिऱ्हाईकही नाही. निवड करतो तो नकाशा. नकाशाला झाडाचे फळ गोड की तुरट, हे ठाऊक नसते. शेकडो वर्षे आपले पूर्वज वाईट काढून चांगले ठेवीत आले. नकाशा चांगले-वाईट दोन्ही सारखेच काढतो.

मग करावे काय? कायद्याची थोडी मदत आहे. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ सालचा आहे, आणि २०२१ साली त्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला 'वारसा वृक्ष' म्हणून वेगळे संरक्षण दिले आहे. बांधावरची कितीतरी जांभळे पन्नाशी उलटलेली आहेत. पण कोणते झाड जुने आणि कोणते गुणाचे, हे आधी कोणीतरी लिहून ठेवलेले पाहिजे. म्हणून येथे मी शिक्षक बंधुभगिनींना एक काम सुचवतो. फार खर्चाचे नाही. वाण्याकडचा तराजू, एक फूटपट्टी आणि एक वही एवढे पुरे.

मे-जूनच्या सुट्टीत मुलांना आपल्या गावातली जांभळाची झाडे हुडकायला लावा. प्रत्येक झाडाला क्रमांक द्या आणि गावात त्याला जे नाव असेल तेही लिहा. खोडाचा घेर छातीच्या उंचीवर सुतळीने मोजा. झाडाखालची नव्हे, झाडावरची पिकलेली वीस फळे घ्या. मोठी-मोठी वेचू नका, हाताला येतील ती घ्या. वीसही फळे एकत्र तोला. मग गर काढून वीस बिया तोला. फळांच्या वजनातून बियांचे वजन वजा केले की गर किती, ते कळले. फळाची लांबी-रुंदी मोजा. पहिले फळ कोणत्या तारखेला पिकले, शेवटचे कोणत्या तारखेला, ते लिहा. पाण्यापासून झाड किती पावलांवर आहे, तेही लिहा. हेच दुसऱ्या वर्षी, तिसऱ्या वर्षी करा. जे झाड तिन्ही वर्षे, पाऊस कसाही असो, आपला गुण सोडत नाही, त्याचा गुण वंशाचा समजावा. जे एका वर्षी टपोरे आणि दुसऱ्या वर्षी बारके होते, त्याचा गुण पाण्याचा.

त्याच बिया वर्गाच्या खिडकीखाली डब्यात लावा. पण ताज्या लावा. जांभळाच्या बीची उगवण दोन आठवड्यांतच मंदावते, वाळवून ठेवलेली बी फुकट जाते. किती बियांतून एक कोंब आला आणि किती बियांतून दोन-तीन आले, हे मुलांनी स्वतः मोजावे. पुस्तकातला वंशशास्त्राचा धडा त्यांना जन्मभर विसरता येणार नाही. आणि ज्या झाडाचा गुण पक्का ठरेल, त्याची काडी जवळच्या रोपवाटिकेला किंवा कृषी विद्यापीठाला द्या. मूळ झाड उद्या गेलेच, तर निदान त्याचा वंश तरी राहील.

मुलांना आणखी एक सांगा. या कामात त्यांचे गुरू वर्गात नसतील. ते वाडीवर असतील. कोणत्या झाडाचे जांभूळ कधी पिकते, कोणाची बी बारीक, कोणते पावसात फुटत नाही, हे ज्यांना ठाऊक आहे ती माणसे पाटी घेऊन स्टेशनाबाहेर बसलेली असतात. त्या बायांना ताई, मावशी म्हणून जवळ जाऊन विचारा. त्या जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि खाली त्यांच्या वाडीचे नाव घाला. मानांकनाचे श्रेय कागदावर कोणाच्याही नावे असो. जांभळे राखण्याचे आणि ओळखण्याचे श्रेय मोठ्या अंशी या लोकांचे आहे.

अंबरनाथ तालुक्यात जांभूळ नावाचे एक गाव आहे. आज ते नाव पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रामुळे लोकांच्या तोंडी आहे. असे नाव गावाला झाडांवाचून पडत नाही. गावाला झाडाचे नाव राहावे आणि झाड मात्र राहू नये, असे आणखी कोठे होऊ नये, एवढी खबरदारी आपल्या हातात आहे. पूर्वजांनी ती न लिहिता, न बोलता घेतली. आपल्याला लिहिता येते. आपण ती लिहून घेऊ.